लटकी झुंज आणि खरा शब्द

जुने मित्र पुष्कळ दिवसांनीं एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्याच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. प्रथम प्रकृति, मग मुलेंबाळें, मग नोकरी. आणि ह्या तिन्ही विषयांची विचारपूस आटोपली कीं, मंडळींपैकीं कोणी तरी एखादें जुनें नांव हळूच पुढें टाकतो व त्याबरोबर सर्वजण सांवरून बसतात. ज्यांचा जन्म १९८० च्या आगेंमागें अमेरिकेंत किंवा कॅनडांत झाला आणि ज्यांचे केस आतां कानांजवळ पांढरे होऊं लागले आहेत, अशा मित्रांच्या बैठकींत हें नांव पुष्कळदां दोन प्रकारचें असतें. एक, भागामागून भाग निघत गेलेल्या चित्रपटांपैकीं एखाद्याचें. आणि दुसरें, १९९० ते २००० ह्या दशकांत दूरचित्रवाणीवर गाजलेल्या धंदेवाईक कुस्तींतील एखाद्या मल्लाचें. हे मित्र नुसत्या आठवणी काढून थांबत नाहींत. ते जुनें चित्रण पुन्हां लावतात, मध्येंच थांबवितात, मागें नेतात, आणि मग त्यावर अशा हिरिरीनें वाद घालतात कीं, शेजारच्या खोलींतील माणसास वाटावें, येथें वडिलोपार्जित इस्टेटीची वाटणी चालली आहे.

ह्या वादाकडे पाहून घरांतील वडील माणसें हंसतात. त्यांचें म्हणणें असें कीं, चित्रपट ही कल्पित गोष्ट, आणि ही कुस्ती तर आधींच ठरवून खेळलेली. मग ज्यांत कांहींच खरें नाहीं त्यासाठीं इतकें तोंड कोरडें कां करावें? आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो. परंतु थोडें खोल जाऊन पाहिलें तर असें आढळून येईल कीं, ह्या मित्रांचा वाद खऱ्याखोट्याचा नसतोच. वाद असतो तो दिलेल्या शब्दाचा. कल्पित कथासुद्धां पाहणाऱ्यास कांहीं शब्द देत असते. तो कोणीं पाळला, कोणीं मोडला, आणि मोडला तेव्हां त्याची किंमत कोणीं मोजली, ह्याचा निवाडा ही मित्रमंडळी आपापल्या परीनें करीत असतात. तो निवाडा कसा होतो हें कांहीं प्रसिद्ध उदाहरणांवरून पाहण्यासारखें आहे.

प्रथम ह्या दोन करमणुकींचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. एक चित्रपट लोकांच्या पसंतीस उतरला म्हणजे त्याचा दुसरा भाग काढावयाचा, दुसरा चालला तर तिसरा, आणि अशा रीतीनें पात्रें तींच ठेवून कथा वर्षानुवर्षें पुढें न्यावयाची, ही चित्रपटमालिकेची रीत. जॉर्ज ल्यूकस ह्यांचा 'स्टार वॉर्स' १९७७ सालीं आला. त्याचे पुढील दोन भाग १९८० व १९८३ सालीं आले. एका गरीब मुष्टियोद्ध्याची कथा सांगणारा 'रॉकी' १९७६ सालचा. १९९० पर्यंत त्याचे पांच भाग झाले. 'टर्मिनेटर' ही यंत्रमानवाची कथा १९८४ सालीं सुरू झाली. ह्या तिन्ही कथा एकविसाव्या शतकांतहि पुढें चालू राहिल्या. ज्या मुलांनीं त्या प्रथम पाहिल्या तीं मुलें बाप झालीं, तरी कथा आपल्या चालतच होत्या.

धंदेवाईक कुस्तीचा प्रकार मात्र थोडा उकलून सांगावा लागेल. कोल्हापूरच्या खासबाग मैदानांत लाल मातींत जी कुस्ती होते ती निकाली; कोणाची पाठ मातीला लागणार हें वस्तादासहि आधीं ठाऊक नसतें. दोघां मल्लांनीं संगनमत करून खेळलेल्या लढतीस 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि तो शब्द निंदेनेंच उच्चारला जातो. अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्तीनें ह्या निंद्य गोष्टीचाच उघड व्यवसाय केला. तेथें कोण जिंकणार, कोण हरणार, कोणीं कोणाचा विश्वासघात करावयाचा, हें सर्व आधीं ठरतें. एक मल्ल सज्जन असतो, दुसरा दुर्जन असतो, आणि त्यांचें वैर महिनोन्महिने वाढवीत नेऊन एखाद्या मोठ्या दिवशीं त्याचा शेवट केला जातो. हें गुपित बाहेर न फोडण्याच्या व्रतास त्या धंद्यांत 'केफेब' असें नांव आहे. सज्जन व दुर्जन मल्लांनीं लोकांदेखत एकत्र हिंडूं-फिरूं नये इतका तो दंडक पूर्वीं कडक असे. अखेर १९८९ सालीं न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन' ह्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या वतीनेंच सांगण्यांत आलें कीं, ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कारण व्यवहाराचें होतें. स्पर्धा म्हटली कीं सरकारी मंडळाची देखरेख आली आणि करहि आला. करमणूक म्हटली कीं दोहोंतूनहि सुटका.

म्हणजे १९९० नंतरच्या प्रेक्षकास खरा प्रकार काय आहे हें कळून चुकलें होतें. तरीहि प्रेक्षकांनीं ह्या कुस्तीकडे पाठ फिरविली नाहीं. पुढें तर ते वाढले. हें कोडें रोलां बार्थ ह्या फ्रेंच लेखकानें १९५७ सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत पूर्वींच उलगडून ठेवलें होतें. त्याच्या मतें अशी कुस्ती हा खेळ नसून एक देखावा आहे. लढत ठरविलेली आहे कीं नाहीं ह्याची प्रेक्षकास पर्वा नसते, त्यास दुःख, पराभव आणि न्याय ह्यांचीं ठळक चित्रें पाहावयाचीं असतात. कोंकणांतील दशावतारी खेळांत संकासुराचें शेवटीं काय होणार हें लहान मूलहि जाणतें, पण म्हणून कोणी अर्ध्या खेळांतून उठून जात नाहीं. तसेंच हें.

त्या दशकांत ह्या कुस्तीला आणखी एक रंग चढला. फेडरेशनचा 'मंडे नाइट रॉ' हा कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ पासून दर सोमवारीं रात्रीं होऊं लागला. ४ सप्टेंबर १९९५ पासून 'वर्ल्ड चँपियनशिप रेसलिंग' ह्या प्रतिस्पर्धी कंपनीनें त्याच वाराला आपला 'मंडे नायट्रो' सुरू केला. लढती ठरविलेल्या होत्या, पण ही दोन कंपन्यांची चुरस पूर्णपणें खरी होती. लागोपाठ ८३ आठवडे नायट्रोनें प्रेक्षकसंख्येंत रॉला मागें टाकलें. पुढें पारडें फिरलें, आणि मार्च २००१ मध्यें फेडरेशननें ती प्रतिस्पर्धी कंपनीच विकत घेतली. सोमवारीं रात्रीं एका वाहिनीवरून दुसरीवर उड्या मारणारीं तीं मुलें आज मध्यमवयीन झालीं आहेत, आणि त्यांच्या वादाचें मूळ त्या रात्रींत आहे.

महाराष्ट्रांतील त्या पिढीसहि हा प्रकार परका नाहीं. केबलच्या तारेनें हे मल्ल येथल्या घराघरांत आले. शाळेच्या मधल्या सुटींत पोरें त्यांच्या चित्रांचे पत्ते खेळत आणि प्रत्येक मल्लाची उंची, वजन, छाती व दंड ह्यांचे आंकडे पाढ्यांपेक्षां पक्के पाठ करीत. १९९६ सालच्या 'खिलाडियों का खिलाडी' ह्या हिंदी चित्रपटांत अक्षयकुमारनें 'अंडरटेकर' नांवाच्या मल्लाशीं झुंज दिली. तो खरा अंडरटेकर नव्हता. ब्रायन ली नांवाच्या दुसऱ्या मल्लानें तें सोंग घेतलें होतें. सोंगाचेंहि सोंग निघावें, आणि तरी त्यावरून दोन मित्रांत अबोला व्हावा, एवढी त्या काळच्या मुलांची ह्या कथेवर निष्ठा होती.

आतां वादाकडे वळूं या. ह्या मित्रांचा पहिला ठराविक वाद पालटाविषयीं असतो. सज्जन दुर्जन झाला, किंवा दुर्जन सज्जन झाला, तर तो पालट पटला कीं नाहीं? कुस्तींतील सर्वांत गाजलेला पालट हल्क होगन ह्याचा. टेरी बोलिया हें त्याचें खरें नांव; २०२५ सालीं तो वारला. १९८४ सालीं फेडरेशनचें अजिंक्यपद मिळविल्यापासून तो सज्जनांचा मेरुमणि झाला होता. मुलांनीं व्यायाम करावा, प्रार्थना म्हणावी, जीवनसत्त्वें घ्यावींत, असा त्याचा उपदेश असे. पुढें तो प्रतिस्पर्धी कंपनींत गेला. ७ जुलै १९९६ रोजीं फ्लॉरिडांतील डेटोना बीच येथें स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश ह्या दोघां आगंतुक मल्लांनीं आपला एक गुप्त तिसरा साथीदार असल्याची हूल उठविली होती. लढत रंगांत आली असतां होगन रिंगणांत आला. लोकांस वाटलें, तारणहार आला. त्यानें आपला जुना सहकारी रँडी सॅव्हेज निपचित पडला होता त्याच्याच अंगावर उडी घेतली. प्रेक्षकांनीं हातास येईल तें रिंगणांत भिरकावलें, आणि थोड्याच वेळांत सगळें रिंगण कचऱ्यानें भरून गेलें.

ह्यावर एक मित्र म्हणतो, "ह्यापेक्षां मोठा पालट झाला नाहीं." दुसरा म्हणतो, "१९८३ च्या स्टार वॉर्सांत डार्थ व्हेडर आपल्या मुलाला वांचविण्यासाठीं सम्राटावर उलटतो, तो कोठें गेला?" तिसरा १९९१ चा दुसरा 'टर्मिनेटर' पुढें आणतो, पहिल्या भागांत जो चेहरा आईला मारावयास आला होता, तोच चेहरा दुसऱ्या भागांत मुलाच्या रक्षणासाठीं उभा राहतो. मग ह्या तिघांत जी झटापट होते तींतून हळूहळू एक नियम आकारास येतो. होगनचा पालट पटतो, कारण त्याच्या त्याच त्या उपदेशाला प्रेक्षक कंटाळूं लागले होते, त्याच्या नांवानें हुर्यो होऊं लागली होती, आणि त्यानें ती हुर्योच जणूं तोंडावर परत फेंकली. व्हेडरचा पालट पटतो, कारण तो बाप आहे हें १९८० च्या भागांतच सांगून ठेवलें होतें. म्हणजे ज्या पालटानें मागील सर्व आठवणींस नवा अर्थ येतो तो पालट प्रामाणिक. आणि ज्या पालटासाठीं मागील आठवणी पुसून टाकाव्या लागतात तो अप्रामाणिक. पुढें पुढें कुस्तींत दर पंधरवड्यास कोणी ना कोणी उलटूं लागला, तेव्हां त्याचें मोल राहिलें नाहीं. हा निष्कर्ष साहित्याच्या कोणत्याहि वर्गांत शोभण्यासारखा आहे, आणि तो काढणारांनीं साहित्यशास्त्राचें पान उलगडलेलें नसतें.

दुसरा वाद पराभवाचा. 'रॉकी'च्या पहिल्या भागांत नायक शेवटीं हरतो, ही गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. त्याची इच्छा जिंकण्याची नव्हतीच. पंधरा फेऱ्या पायांवर उभें राहावें, एवढीच होती. पुढील भागांत तो जिंकूं लागला. १९८५ च्या चौथ्या भागांत तर त्यानें एका धिप्पाड रशियन योद्ध्यास त्याच्याच देशांत जाऊन लोळविलें. आणि तीस वर्षांनीं, २००६ सालच्या सहाव्या भागांत, म्हातारा झालेला रॉकी पुन्हां रिंगणांत उतरतो व पुन्हां गुणांच्या थोड्या फरकानें हरतो. एका मित्रास चौथा भाग प्रिय असतो, कारण तो लहानपणीं टाळ्या वाजवून पाहिलेला; दुसऱ्यास सहावा, कारण तो स्वतःचे गुडघे दुखूं लागल्यावर पाहिलेला. वाद मिटत नाहीं. पण पहिल्या भागानें जो शब्द दिला होता, कीं माणसाची किंमत निकालावर ठरत नाहीं, तो सहाव्यानें पाळला, एवढें दोघेहि अखेर कबूल करतात.

ह्याच मालिकेच्या १९८२ च्या तिसऱ्या भागांत खुद्द होगन एका मल्लाच्या भूमिकेंत रॉकीशीं झुंजतो. तेथें हीं दोन्ही विश्वें एकमेकांस भेटतात, आणि हरण्याचा अर्थ दोहोंत किती निराळा आहे हें दिसून येतें. चित्रपटांत हरणें हा कथेचा भाग. कुस्तींत हरणें हें एक काम आहे. जो नीट हरतो तोच जिंकणाऱ्यास मोठा करतो. म्हणून त्या धंद्यांत अशी रूढि पडली कीं, कंपनी सोडून जाणाऱ्या मल्लानें जातांना हरावें आणि आपला मोठेपणा मागें राहणाऱ्याच्या पदरांत घालून जावें. ह्या रूढीवरूनच १९९७ सालीं तो प्रसंग घडला, ज्याचें नांव निघालें कीं मित्रांची बैठक मध्यरात्रीपर्यंत उठत नाहीं.

कॅनडाचा ब्रेट हार्ट हा त्या वेळीं फेडरेशनचा अजिंक्यवीर होता आणि तो प्रतिस्पर्धी कंपनींत जावयाचा होता. ९ नोव्हेंबर १९९७ रोजीं मॉन्ट्रियल येथें त्याची शॉन मायकेल्स ह्याच्याशीं लढत होती. दोघांचें वैर पडद्यामागेंहि खरें होतें. ब्रेट हरावयास तयार होता, पण मायकेल्सकडून आणि तेंहि आपल्याच देशांत नव्हे. शेवटच्या दिवसांत आपल्या पात्राचें काय होणार ह्यावर वाजवी अधिकार त्यास करारानें दिलेला होता. त्या दिवशीं लढत नियमभंगामुळें मोडेल असें त्यास सांगण्यांत आलें. मायकेल्सनें त्याचाच आवडता डाव त्याच्यावर टाकला असतां मालक व्हिन्स मॅकमॅहन ह्यांनीं घंटा वाजविण्याचा हुकूम दिला आणि ब्रेट शरण आला असें जाहीर झालें. तो शरण आला नव्हता. सर्व जगासमोर खोट्या कुस्तींत खरी फसवणूक झाली. ब्रेट रिंगणाच्या काठावरून मालकाच्या तोंडावर थुंकला, आणि पुढें आंतील खोलींत त्यानें त्यांस ठोसा मारला, तोहि खराच.

ह्यावर मित्रांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "पट्टा कंपनीचा, कथा कंपनीची. डिसेंबर १९९५ मध्यें मदुसा नांवाच्या स्त्रीमल्लानें फेडरेशनचा पट्टा प्रतिस्पर्ध्याच्या कार्यक्रमांत नेऊन कचऱ्याच्या टोपलींत टाकला होता. पुन्हां तसें झालें असतें तर?" दुसरा म्हणतो, "भीति कितीहि खरी असो, करार तो करार. हरावयास तो तयार होता. दिवस आणि माणूस एवढेंच तो निराळें मागत होता." तिसरा, जो बहुधा गप्प असतो, तो एक निराळीच गोष्ट लक्षांत आणून देतो. ह्या फसवणुकीनंतर मॅकमॅहन ह्यांनीं रिंगणांत दुष्ट मालकाची भूमिका स्वतःच घेतली, आणि त्या भूमिकेनें त्यांच्या कंपनीचें भाग्य फिरविलें. म्हणजे मोडलेल्या शब्दाचेंहि त्यांनीं भांडवल केलें. ४ जानेवारी २०१० रोजीं ब्रेट परत आला आणि त्यानें मायकेल्सशीं रिंगणांत समेट केला. त्याला बारा वर्षें लागलीं.

योगायोग असा कीं, त्याच १९९७ सालच्या ३१ जानेवारीस 'स्टार वॉर्स'ची सुधारलेली आवृत्ति चित्रगृहांत आली. मूळ चित्रपटांत हान सोलो हा तस्कर खानावळींत बसला असतां ग्रीडो नांवाच्या मारेकऱ्यास मेजाखालून गोळी घालतो. नव्या आवृत्तींत आधीं ग्रीडो गोळी झाडतो, ती चुकते, आणि मग हान त्यास मारतो. फरक डोळ्याचें पातें लवावें इतका. पण ह्या पातें लवण्यांत हान सोलो मतलबी माणसाचा सभ्य गृहस्थ झाला, आणि पुढें त्याच्यांत जो खरा पालट व्हावयाचा होता त्याची गोडी गेली, असें पुष्कळांचें गाऱ्हाणें आहे. हें दृश्य २००४ सालीं पुन्हां बदललें आणि २०१९ सालीं आणखी एकदां. ल्यूकस ह्यांनीं स्वतः १९८८ सालीं अमेरिकन काँग्रेससमोर जुने चित्रपट बदलण्याविरुद्ध साक्ष दिली होती, हें एक मित्र विजयी मुद्रेनें सांगतो. दुसरा त्यास लगेच अडवितो: "ती साक्ष, ज्यांनीं चित्रपट निर्माण केला नाहीं त्यांनीं तो बदलूं नये म्हणून होती. कर्त्यास आपल्या कृतीवर हात फिरविण्याचा अधिकार नको काय?" प्रश्न सोपा नाहीं. कथा निर्माण करणारा तिचा धनी खरा. पण वीस वर्षें जी कथा लक्षावधि मुलांनीं मनांत सांभाळली, तिच्यावर त्या सांभाळणारांचा कांहींच हक्क नाहीं काय? मॉन्ट्रियलमध्यें खेळणाऱ्याचा शब्द मोडला. खानावळींत पाहणाऱ्याच्या स्मृतीला सांगण्यांत आलें कीं, तूं पाहिलेंस तसें झालेंच नव्हतें. दोन्ही वाद एकाच ठिकाणीं येऊन पोंचतात, आणि तें ठिकाण म्हणजे विश्वास.

येथवरचे वाद हंसतखेळत होतात. परंतु चित्रण पाहतां पाहतां एक क्षण असा येतो कीं, मंडळींचा आवाज खालीं येतो. २८ जून १९९८ रोजीं पिट्सबर्ग येथें मिक फोली ह्या मल्लास अंडरटेकरनें सोळा फूट उंच लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून खालीं मेजावर फेंकलें. तें फेंकणें ठरलेलें होतें. पण सोळा फूट हे सोळा फूटच होते, आणि मेजाखालील जमीन जमीनच होती. थोड्या वेळानें फोली पुन्हां वर चढला आणि पिंजऱ्याचें छत तुटून आंत कोसळला. पंधरा वर्षांच्या मुलानें तें पाहून उड्या मारल्या होत्या. तोच मुलगा आज बाप होऊन तें पाहतो तेव्हां त्याच्या मनांत येतें कीं, ह्या माणसाच्या घरीं लहान मुलें होतीं. चित्र तेंच आहे, आवाज तोच आहे. पाहणारा मात्र बदलला आहे. जुनी गोष्ट पुन्हां पाहण्यांत जो लाभ आहे तो हाच.

आणि मग मे १९९९ चा महिना येतो. १९ मे रोजीं 'स्टार वॉर्स'चा सोळा वर्षांनंतरचा नवा भाग आला. चित्रपटमालिकेच्या इतिहासांत इतकी वाट क्वचितच कोणत्या भागाची पाहिली गेली असेल, आणि त्या भागानें आपली निराशा केली असें पुष्कळ चाहत्यांनीं मोठ्या दुःखानें बोलून दाखविलें. चार दिवसांनीं, २३ मे रोजीं, कॅन्सस सिटींतील केंपर अरीना ह्या प्रेक्षागृहांत ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट ह्यास एका विनोदी पात्राच्या वेषांत छतावरून दोरानें रिंगणांत उतरविण्यांत येत होतें. दोर सुटला. सुमारें ७८ फुटांवरून तो रिंगणांत कोसळला आणि मरण पावला. त्याचें वय अवघें ३४ होतें. पडल्याचें चित्र घरच्या प्रेक्षकांस दिसलें नाहीं. हा कथेचा भाग नव्हे असें निवेदकास पुन्हां पुन्हां सांगावें लागलें, कारण खोट्याची संवय झालेल्या कानांस खरें पटवून देणें कठीण झालें होतें. त्यास बाहेर नेल्यावर कार्यक्रम पुढें चालू ठेवण्यांत आला. त्याच्या कुटुंबानें कंपनीवर दावा लावला आणि २००० सालीं १ कोटि ८० लक्ष डॉलरांवर तो मिटला.

एका आठवड्यांत दोन प्रकारचे विश्वास ढळले. एक चित्रपट वाईट निघाला, आणि एक माणूस घरीं परत गेला नाहीं. दोहोंना त्या वेळीं मुलांनीं सारखेंच दुःख म्हटलें असेल. पण आज त्यांची तुलना करतांना त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटते, आणि ती वाटावी हें योग्यच आहे. कार्यक्रम थांबवावयास हवा होता कीं नाहीं, ह्यावर कोणी एकजण जुनें मत मांडतो कीं, रंगभूमीचा पडदा मध्येंच पाडूं नये अशी परंपरा आहे. त्यावर दुसरा जें बोलतो तें सर्व वादाचें सार म्हणतां येईल. तो म्हणतो, "अरे, ह्या कुस्तीचा पाया काय? मी माझें अंग तुझ्या हातीं देतों. तूं मला उचलून आपटशील, पण मी उठून घरीं जाईन एवढी काळजी घेशील. वैर खोटें आणि विश्वास खरा. तो विश्वास जेथें सुटला तेथें पुढची कुस्ती कसली खेळावयाची?"

ह्या बोलण्यांत मोठें तथ्य आहे. मातींतल्या कुस्तींत दोन मल्ल खरोखर एकमेकांस पाडावयास झटतात. ह्या लटक्या कुस्तींत ते खरोखर एकमेकांस सांभाळावयास झटतात, आणि पाडण्याचें सोंग करतात. पाहणाऱ्यास दिलेला शब्द हा वरचा मजला झाला. खेळणारांनीं एकमेकांस दिलेला आणि मालकानें खेळणारांस द्यावयाचा शब्द हा पाया होय. त्या काळचे किती तरी मल्ल पन्नाशीहि पाहूं शकले नाहींत. ब्रायन पिलमन ३५ व्या वर्षीं गेला, योकोझुना ३४ व्या, डेव्ही बॉय स्मिथ ३९ व्या, रिक रूड ४० व्या आणि कर्ट हेनिग ४४ व्या वर्षीं. प्रत्येकाचें कारण निराळें असेल; परंतु वर्षाचे बहुतेक दिवस प्रवासांत काढावयाचे, दुखरें अंग औषधांच्या जोरावर रेटावयाचें आणि पुन्हां रिंगणांत उतरावयाचें, हा त्या जीवनाचा क्रम सर्वविदित आहे. मुलांच्या पत्त्यांवर त्यांची उंची आणि छाती छापलेली होती. त्यांना काय सोसावें लागतें हें कोठें छापलेलें नव्हतें. तें आज हे मित्र एकमेकांस सांगतात, आणि तें सांगणें हेंहि एक ऋण फेडणेंच आहे.

आतां वडील माणसांच्या आक्षेपास उत्तर देतां येईल. खोट्या गोष्टीवर वाद कशाला, असें ते विचारतात. उत्तर असें कीं, निकाल खोटा असला तरी शब्द खरा असतो, आणि अंगहि खरेंच असतें. कथेनें आपल्या पात्रांशीं इमान राखलें काय, कर्त्यानें पाहणाऱ्याच्या स्मृतीचा मान ठेवला काय, आणि ज्यांच्या जिवावर करमणूक झाली त्यांची कोणीं काळजी घेतली काय, हे तीन प्रश्न विचारावयास जो शिकला त्यानें आपलें बालपण वायां घालविलें असें म्हणतां येणार नाहीं. हेच प्रश्न तो पुढें वर्तमानपत्रास विचारील, कारखान्यास विचारील, निवडणुकीस उभ्या राहिलेल्या उमेदवारासहि विचारील.

शिवाय ह्या मित्रांच्या बैठकीकडे नीट पाहिलें तर आणखी एक गोष्ट नजरेस येते. त्यांचा वादहि एका परीनें नुरा कुस्तीच असतो. कोण ब्रेटची बाजू घेणार, कोण मालकाची. कोण चौथ्या रॉकीसाठीं भांडणार, कोण सहाव्यासाठीं, हें पंचवीस वर्षांपूर्वींच ठरलेलें असतें. डाव ठरलेले, उत्तरें ठरलेलीं, रागावणेंहि ठरलेलें. परंतु एकाचा आवाज जरा कापरा झाला, किंवा वडिलांच्या मरणाची अथवा गेलेल्या नोकरीची आठवण मध्येंच निघाली, कीं दुसरा लगेच हात सैल करतो, विषय फिरवितो, पडणाऱ्यास हलकेच जमिनीवर टेकवितो. ती खबरदारी मात्र कोणीं ठरवून दिलेली नसते. शेजारच्या खोलींतील माणसांनीं हंसावें, पण दार लावून घेऊं नये. आंत काय चाललें आहे तें थोडा वेळ बसून ऐकावें.